चाळिशीचा चौथा स्क्रू

भिंगताई फुगा फुटला तरी दचकायच्या. रस्त्यात एखादी मोटारसायकल फटफट करत गेली की छातीवर हात ठेवून भिंतीला टेकायच्या. आणि याच बाईनं आयुष्याची अठ्ठावीस वर्षं बंदुका रेखाटण्यात घालवली. आता याला काय म्हणावं? गोळी कधी झाडली नाही, बंदूक कधी हातात धरली नाही. पण घोडा कुठं अडकतो, कमान कुठं दबते, नळी दस्त्यात कुठवर बसते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी बिनचूक सांगितलं असतं.

चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं एक प्रकाशन होतं, तिथं त्या नोकरीला. प्रकाशन छापायचं ते एकाच जातीची पुस्तकं: जुन्या लढाया, जुन्या पलटणी, जुन्या बंदुका. मोठ्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे, लहान खोलीत खिडकीपाशी उतरत्या फळीचं टेबल, आणि त्या टेबलावर ओणवलेल्या भिंगताई. गळ्यात काळ्या दोरीनं अडकवलेलं भिंग असायचं, म्हणून हे नाव. बंदुकीचे मालक आपली बंदूक घेऊन यायचे, फलालीवर ठेवायचे आणि हात लावू द्यायचे नाहीत. ताई पट्टी आणि भिंग घेऊन तिच्याभोवती फिरायच्या, मापं घ्यायच्या, आणि मग टाक शाईत बुडवून एकेक भाग सुटा करून दाखवणारी आकृती काढायच्या. एकेका आकृतीला तीन-तीन आठवडे.

या पुस्तकांचे वाचक म्हणजे एक अजब जमात होती. लढाई कोण जिंकलं याचं त्यांना सोयरसुतक नसे. पण चित्रातल्या शिपायाच्या कोटाला सहाऐवजी सात बटणं दिसली, की तिसऱ्या दिवशी पत्र हजर. ‘आपल्या पुस्तकाच्या पान दोनशे बारावर पट्ट्याचं बक्कल डावीकडं आहे, हे पाहून वेदना झाल्या.’ वेदना! घरात बायको तापानं फणफणलेली असली तरी ह्यांना वेदना बक्कलाच्या. भिंगताईंना मात्र ही माणसं मनापासून आवडायची, कारण त्यांच्या आकृत्यांकडं इतकं निरखून पाहणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

नाव तेवढं कधी छापलं गेलं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असायची, ‘आकृत्या : कार्यालयीन’. ताईंची थोरली बहीण, अक्का, नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. दोघी एकाच घरात राहायच्या. अक्काच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणायची, “आईबापांनी तुझं नाव कार्यालयीनच ठेवायला हवं होतं. निदान एवढ्या पुस्तकांत छापून तरी आलं असतं.” ताई हसायच्या, पण ते त्यांना लागायचं. का लागू नये?

तर या वर्षी ते नाव छापलं जाणार होतं. प्रकाशनाचं सगळ्यांत मोठं पुस्तक म्हणजे ठासणीच्या बंदुकांचा कोश. बावीस वर्षांपूर्वी निघालेला, तेव्हापासून संग्राहकांच्या उशाशी असलेला. त्याचा मजकूर लिहिणारे कप्तान केव्हाच वारले होते. आता नवी आवृत्ती निघत होती, सगळ्या आकृत्या ताईंनी नव्यानं काढल्या होत्या, आणि धाकटे मालक एक दिवस मुखपृष्ठाचा नमुना घेऊन त्यांच्या टेबलापाशी आले. (धाकटे म्हणजे पन्नाशीचे. थोरले मालक जाऊन दहा वर्षं झाली तरी हे धाकटेच राहिले.) कप्तानांच्या नावाखाली ताईंचं नाव होतं, ठळक, आडनावासकट. ताईंनी ते भिंगातून पाहिलं, आणि मग भिंग काढून पाहिलं.

“बरोबर आहे ना?” मालकांनी विचारलं.

“अक्षराला अक्षर बरोबर आहे,” ताई म्हणाल्या, आणि उगाच दौतीचं झाकण लावायला लागल्या.

त्यानंतर पाच दिवसांनी दातांचे डॉक्टर आले. हे प्रकाशनाचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. रुग्णाचं तोंड उघडं ठेवून ते त्याला पलटणींच्या गोष्टी सांगायचे. बिचाऱ्याला ‘पुरे’ म्हणायचीही सोय नसे. त्या दिवशी जिना चढतानाच त्यांचा श्वास फुलला होता. त्यांनी हातमोजे घातले, टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि फलाली उलगडली.

“चाळिशी,” डॉक्टर म्हणाले. “अठरा वर्षं शोधत होतो.”

चाळिशी म्हणजे काय ते सांगायला हवं. एका डोंगरी पलटणीसाठी एका कारखान्यानं आखूड नळीच्या अवघ्या चाळीस बंदुका बनवल्या होत्या, म्हणून संग्राहकांनी तिला ठेवलेलं हे लाडाचं नाव. चाळीसच्या चाळीस गडप झालेल्या. मागं उरले होते कारखान्याच्या वहीतले तीन पुसट फोटो, आणि त्या फोटोंवरून भिंगताईंनी कोशात काढलेली आकृती. दिसायला चाळिशी लावावी लागावी इतकी दुर्मीळ, असा विनोद ते लोक आपसांत करायचे आणि स्वतःच हसायचे.

डॉक्टरांना ती एका दलालाकडून मिळाली होती. ती ते शहराच्या वस्तुसंग्रहालयाला भेट देणार होते. गुरुवारी संग्रहालयाच्या प्रमुख बाई ती तपासायला इथंच येणार, आणि कोशाचं प्रकाशनही मग संग्रहालयातच, त्या बंदुकीच्या काचेच्या पेटीशेजारी. धाकट्या मालकांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. ते नव्या आवृत्तीची तयार पानं घेऊन आले, चाळिशीचं पान उघडून बंदुकीशेजारी ठेवलं, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

“ताई, एक स्क्रू राहिला की.”

घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर बंदुकीला चार स्क्रू होते. ताईंच्या नव्या आकृतीत तीन.

“जुन्या आवृत्तीत चारच होते,” डॉक्टर म्हणाले. “मी त्यावरूनच तर ओळखली.”

“नजरचुकीनं राहिला असेल. उद्या घालून टाका,” मालक म्हणाले, आणि चहा सांगायला गेले. भिंगताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण तो स्क्रू राहिला नव्हता. त्यांनी तो मुद्दाम वगळला होता. बावीस वर्षांपूर्वी त्या तीन फोटोंवरून आकृती काढताना एका फोटोत पट्टीच्या शेपटीकडं एक काळा ठिपका होता. उरलेल्या दोन फोटोंत तो भाग धरणाऱ्याच्या हाताखाली झाकला गेला होता. ताईंनी ठिपक्याला स्क्रू समजून स्क्रू काढला, वर खाचसुद्धा दाखवली. पुस्तक छापून झालं. वर्षभरानं त्याच कारखान्याची लांब नळीची बंदूक आली, ती मात्र ढिगानं सापडायची, आणि तिची आतली यंत्रणा चाळिशीचीच. तिच्या मालकानं पट्टी उघडून दाखवली तेव्हा ताईंच्या मनात पाल चुकचुकली. घोडा ओढला की आतली जाड कमान, म्हणजे स्प्रिंग, दबते, आणि ती कमान नेमकी त्या ठिपक्यामागून जात होती. तिथं स्क्रू असता तर कमान अडली असती आणि बंदूक उडालीच नसती. ठिपका म्हणजे फोटोच्या काचेवर पडलेला धुळीचा कण होता, दुसरं काही नाही. ताई धावत थोरल्या मालकांकडं गेल्या. ते म्हणाले, “बाई, स्क्रू कोण मोजतंय? पुढच्या आवृत्तीत बघू.” पुढच्या आवृत्तीला बावीस वर्षं लागली. तोवर ताईही गप्प राहिल्या, आणि या वेळी तो स्क्रू हळूच गाळून टाकला, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरून. हे काही फार शूरपणाचं नव्हतं, पण केलं त्यांनी तसं.

आणि आता समोर चार स्क्रूंची चाळिशी. म्हणजे पुस्तक समोर ठेवून कुणीतरी ती बनवली होती, चुकीसकट.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला सगळं सांगितलं. अक्का वाटाणे सोलत होती, तिनं सोलणं थांबवलं नाही.

“डॉक्टरला कळलं तर काय होईल?”

“हसं होईल त्याचं. आणि माझं नाव जाईल मुखपृष्ठावरून.”

“आणि नाही कळलं तर?”

“नाव राहील. आणि नकली बंदूक काचेच्या पेटीत राहील, खाली माझ्या आकृतीचा दाखला देऊन.”

“आमच्या वॉर्डात एक पद्धत होती,” अक्का म्हणाली. “चुकीची गोळी दिली गेली, तर आधी पेशंटला सांगायचं, मग डॉक्टरला, आणि मग मोरीत जाऊन काय रडायचं ते रडायचं. ज्यांनी क्रम बदलला त्यांनी माणसं मारली.” मग वाटाण्यांची टरफलं गोळा करत म्हणाली, “आता तूच ठरव. मी आपली साधी बाई, मला बंदुकीतलं काय कळतं?”

दुसऱ्या दिवशी ताईंनी धाकट्या मालकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. मालकांनी दार लावून घेतलं.

“ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षांत एकानं पत्र पाठवलं का? पाठवलं? आणि ह्या लोकांना तर बटणावरून वेदना होतात.”

“त्यांनी पाहिलीच नाही ना चाळिशी. पाहणार कुठून?”

“मग आता आपल्याच पायावर धोंडा का मारून घेताय? अहो, जिच्या आकृतीनं एवढा घोळ घातला तिचंच नाव मुखपृष्ठावर घातलं तर लोक मला येडा म्हणतील. सरळ सांगतो. स्क्रू आला तर नाव राहील. स्क्रू नसेल तर नावही नसेल. आणि गुरुवारी काही बोलायचं नाही.”

ताई टेबलाशी येऊन बसल्या. टाक बुडवला. स्क्रू म्हणजे किती काम? एक वर्तुळ, मध्ये एक रेघ. डोळे मिटून काढला असता. त्या पाऊण तास तशाच बसून राहिल्या. शाई टाकावरच वाळली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी चुकीच्या रेघा पुष्कळ काढल्या होत्या, पण चूक आहे हे माहीत असून एकही नाही. शेवटी त्यांनी टाक फडक्यानं पुसला आणि तीन स्क्रूंची आकृती तशीच लिफाफ्यात घातली. मालकांनी छापखान्याला फोन करून नाव काढायला सांगितलं, तो फोन त्यांना लहान खोलीत स्पष्ट ऐकू आला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

गुरुवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. उंच, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बंदुकीची नळी पाहिली, दस्ता पाहिला, जुनं पुस्तक उघडून पट्टीशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. डॉक्टरांचा चेहरा उजळला. मालक फोटोग्राफरला बोलवायला निघाले, तेवढ्यात भिंगताई लहान खोलीतून बाहेर आल्या.

“हा चौथा स्क्रू कारखान्याचा नाही,” त्या म्हणाल्या. “माझा आहे.”

डॉक्टरांना वाटलं ताई गंमत करतायत. ते हसलेही. मालक घाईघाईनं म्हणाले, “ताईंची तब्येत जरा…”

“तब्येत ठणठणीत आहे माझी.” आणि त्यांनी सांगितलं. ठिपका, कमान, थोरले मालक, बावीस वर्षं गप्प बसणं, काहीही न गाळता.  शेवटी त्या डॉक्टरांकडं वळल्या. “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

 संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, “हे ऐकायला पटतं. पण पुरावा काय?”

“तो स्क्रू उघडा.”

 ज्यांना या जमातीची रीत माहीत नाही त्यांना सांगतो, दुर्मीळ जुन्या बंदुकीच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावणं हे त्यांच्यात महापाप. खाच चरली की बंदुकीची अब्रू गेली. न उघडलेली बंदूक तीच अस्सल, तीच खानदानी. म्हणून तर कुणी आत डोकावून पाहत नाही, आणि नकली माल करणाऱ्यांचं फावतं ते याचमुळं.

डॉक्टरांनी एकदा बंदुकीकडं पाहिलं. मग हातमोजे काढले आणि ताईंपुढं धरले. “तुमच्या आकृतीच्या भरवशावर मी अठरा वर्षं फिरलो. आज आणखी एकदा तुमच्यावरच भरवसा ठेवतो. उघडा. पण उघडायचं तुम्हीच.”

बंदुकीला ताईंचा हात लागायची ही पहिलीच वेळ. हातमोज्यातूनही लोखंड त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा गार लागलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसवला आणि फिरवला. एक फेरा, दीड फेरा, आणि स्क्रू सुटून फलालीवर पडला. तांदळाच्या दाण्याएवढा. वर डोकं मोठ्या थाटाचं आणि खाली नुसता खुंट. त्याचे आटे काल पाडल्यासारखे चकचकीत. भोकही आरपार नव्हतंच. लांब स्क्रू घातला तर कमान अडते हे बनवणाऱ्यालाही कळलं होतं, म्हणून त्यानं पुस्तकाबरहुकूम नुसतं डोकं बसवलं होतं.

संग्रहालयाच्या बाईंनी तो दाणा तळहातावर घेतला आणि भिंगताईंचं भिंग मागून घेतलं. “नकली,” त्या म्हणाल्या. मालक खुर्चीत बसले.

डॉक्टर मात्र उभेच होते. कपाळावर आठ्या घालून काहीतरी आठवत होते. आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

“नऊ वर्षांपूर्वी एकजण दाढ काढायला आला होता. पलीकडच्या चौकातला किल्लीवाला. म्हणाला, आजोबा पलटणीच्या कोठारात होते, त्यांची एक आखूड बंदूक घरात पडलीय. मी बघायला गेलो होतो. सगळं जुळत होतं, सगळं. पण…” ते थांबले. “तीनच स्क्रू होते. मी नकली म्हणून सांगून आलो.”

ताईंनी लिफाफा उचलला. कुणी कुणाला चला म्हणालं नाही, पण चौघंही जिना उतरत होते.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. किल्लीवाल्याचं दुकान चालत दहा मिनिटांवर. दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, भिंतभर किल्ल्या, आणि दाराच्या वर दोन खिळ्यांवर आडवी बंदूक. तिच्या घोड्याला एक छत्री लटकत होती.

“आहे अजून?” डॉक्टरांनी विचारलं.

“जातेय कुठं?” किल्लीवाला कानस चालवत म्हणाला. “तुम्हीच नकली म्हणालात, म्हणून छत्री अडकवतो. एवढी मजबूत खुंटी बाजारात मिळत नाही.”

छत्री उतरली, मग बंदूक. संग्रहालयाच्या बाईंनी रुमालानं नळीचं बूड पुसलं. गंजाखाली कारखान्याचा शिक्का होता आणि आकडा होता, सतरा.  भिंगताईंनी लिफाफ्यातून नवी आकृती काढली. ही शाईची मूळ प्रत, पारदर्शक कागदावर, एकास एक मापाची. त्यांनी ती पट्टीवर अंथरली आणि बोटानं सपाट केली. तिन्ही स्क्रू तिन्ही वर्तुळांखाली आले. किल्लीवाल्यानं आपलं तेल आणि आपली हत्यारं काढून पट्टी अलगद सोडवली, कारण या कामात त्याचा हात धरणारं त्या चौकात कुणी नव्हतं. आत कमान होती, जिथं ताईंनी न बघता काढली होती तिथंच, तिच्या वळणासकट. कागद परत ठेवला तर रेघेवर रेघ बसली. केसभरही फरक नाही.

“न पाहता काढली तुम्ही ही?” संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

“हो,” ताई म्हणाल्या. “आता पाहिली.” आणि त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

धाकटे मालक दुकानाबाहेर जाऊन छापखान्याला फोन करत होते. “थांबवा म्हणजे थांबवा! नाव घाला परत. हो, मीच काढायला सांगितलं होतं, मीच येडा!” फोन ठेवून ते ताईंसमोर आले, तेव्हा त्यांची मान खाली होती. ताई म्हणाल्या, “नाव घाला. पण आत पहिल्या पानावर चूकही छापा, माझ्या नावानं. कोणती, कशी झाली, किती वर्षं लपली, सगळं.” मालक नाही म्हणायच्या स्थितीत राहिलेच नव्हते.

महिन्याभरानं संग्रहालयात प्रकाशन झालं. काचेच्या पेटीत सतरा नंबरची चाळिशी होती, तिच्याशेजारी नकली, आणि त्या दोहोंमध्ये कापसावर तो तांदळाचा दाणा. पहिली प्रत किल्लीवाल्याला दिली. बंदुकीच्या बदल्यात त्यानं छत्री अडकवायला नवी खुंटी मागितली होती, तीही दिली. अक्का पहिल्या रांगेत बसून शेजारणीला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होती. भाषणं झाली. मग सह्यांसाठी रांग लागली, पार जिन्यापर्यंत, आणि ती सगळी बटणं-बक्कलं मोजणारी माणसं. रांगेत पहिले डॉक्टर होते. त्यांनी मुखपृष्ठ उलटलं, शीर्षकाचं पान उलटलं आणि चूक छापलेल्या पानावर बोट ठेवलं.

“इथं करा.”

“इथं कशाला, डॉक्टर? या चुकीपायी तुमची नऊ वर्षं गेली.”

“म्हणूनच तर,” डॉक्टर म्हणाले. “बंदुकांवरची इतकी पुस्तकं आहेत माझ्याकडं. आपली चूक कबूल करणारं हे पहिलंच.”

भिंगताईंनी सही केली. मागच्या माणसानंही तेच पान उघडलं, त्याच्या मागच्यानंही तेच. सगळ्या रांगेनं तेच पान उघडून धरलं होतं.